कॅमेलियाला चहा

१२ सप्टेंबर

ती. अण्णांना,
थोरलीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, तिकडचं कळवा. हे झालं. आता कामाचं.

लाँड्रीच्या गाडीवाल्याबरोबर एक कुंडी पाठवली आहे. तो हॉटेलच्या चादरी आणायला तुमच्या गावावरून जातो. त्याला बजावलंय की कुंडी पायाशी ठेवायची, मागं चादरींत टाकायची नाही. त्याला पाणी विचारा आणि लवकर सोडा, बोलत बसला की त्याला गाडीची आठवण राहत नाही.

झाडाचं नाव कॅमेलिया. आई गेल्यापासून परसात नुसतं गवत माजलंय, ते मला बघवत नाही. आमच्या लाँड्रीच्या मागंच नर्सरी आहे. तिथं तीन रंगांची झाडं होती. पांढरं बघितलं आणि मन गेलं, पाकळीवर पाकळी, अगदी इस्त्री करून घडी घातल्यासारखं. पण मी जन्मभर पांढरंच धुतलंय. पांढऱ्यावर थेंब पडला की डाग, आणि डाग पडला की ओरडा धुणाऱ्याला. नर्सरीवाल्याला विचारलं, पावसात ह्याचं काय होतं, तर म्हणाला कडा तपकिरी पडतात. म्हटलं, मग राहू दे तुझ्याकडेच. गुलाबी होतं त्याची सुकलेली फुलं फांदीलाच चिकटून राहतात, एकेक हातानं काढावी लागतात. तुमच्या कंबरेला ते झेपायचं नाही. राहिलं लाल. मधे पिवळा झुबका. फूल संपलं की अख्खंच्या अख्खं खाली पडतं, झाडून टाकलं की मिटलं. हेच घेतलं. आपलं आपण आवरणारं आहे. घरात असं एक तरी असावं.

आता नीट वाचा. खड्डा रुंद खणा, खोल नको. कुंडीत माती जिथवर आहे तिथवरच जमिनीत जाऊ दे, बुंधा गाडलात तर गुदमरेल. भिंतीला चिकटून लावू नका, भिंतीच्या चुन्यानं पानं पिवळी पडतात. दुपारचं ऊन नको. एक दिवस बादली ओतायची आणि मग आठवडाभर विसरायचं असं त्याला चालत नाही, माती ओलसर पाहिजे, चिखल नको. नर्सरीवाला म्हणतो हे चहाच्या झाडाचं भावंड आहे, त्याला आंबट माती लागते. म्हणून अधूनमधून चहा घाला त्याला, गार करून.

आता खरं सांगते. धाकटीनं तिच्या चौथ्या मजल्यावरची मागची खोली तुमच्यासाठी रंगवून ठेवली आहे, पडदे पण लावलेत. तिचं म्हणणं, अण्णा एकटे आहेत, जेवतात की नाही कोण बघतं. तुम्ही मला म्हणता, तिला समजाव, मला घर सोडायचं नाही. मधे मी चेपते. माझ्याकडे या म्हणावं तर लाँड्रीच्या वर दोन खोल्या, खाली बॉयलर, तुमचा खोकला आणि ती वाफ एका घरात नांदायची नाहीत. तेव्हा मी एक ठरवलंय आणि धाकटीनं ते कबूल केलंय. हे झाड हट्टी आहे, जरा हयगय झाली की कळी टाकतं. जो माणूस ह्याला राखतो तो स्वतःलाही राखतो. आज त्याच्यावर कळी भरपूर आहे. फूल येईपर्यंत कळी टिकली तर तुम्ही तिथंच राहायचं, धाकटीला मी बघून घेते. नाही टिकली तर बॅग भरायची आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

लोभ आहे, तो वाढवायची घाई नाही. आधी झाड वाढवा.

तुमची,
थोरली


२५ सप्टेंबर

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

कुंडी सुखरूप पोचली. गाडीवालाही पोचला, आणि तू म्हणालीस तसा बराच वेळ पोचलेलाच राहिला.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात जन्म गेल्यामुळे मी पत्र आधी तपासतो, मग वाचतो. तुझी जुनी खोड कायम आहे. 'ळ'ला 'या' जोडायची वेळ आली की तू वळसा घालून निघून जातेस. तिसरीत असताना 'टाळ्या वाजल्या' लिहायचं सोडून 'टाळी खूप वाजली' असं लिहून आली होतीस, आणि तुझी आई हसून हसून दमली होती. ह्या पत्रातही सगळीकडे 'कळी'. मी पेन्सिलीने खोडून वर 'कळ्या' केलं आहे. रागावू नकोस, हात शिवशिवतो.

झाड स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी लावलं, भिंतीपासून चांगलं लांब. दुपारी तिथे शेजारच्या घराची सावली येते. खड्डा खणायला समोरचा शिंपी आला. येताना गळ्यात टेप घेऊनच आला. म्हणाला की रुंदीला छातीचं माप धरू आणि खोलीला कॉलरचं. मी त्याला हसलो, पण खड्डा बेतशीर झाला.

चहाचं वाचून जरा नवल वाटलं. पण आमच्या धंद्याचा पहिला नियम, मूळ प्रतीत असेल तसंच जुळवायचं, आपली अक्कल चालवायची नाही. एका डेअरीवाल्याने जाहिरातीत 'ताजे लोणी'च्या जागी 'ताजे पाणी' लिहून दिलं होतं. मी तसंच जुळवलं. दुसऱ्या दिवशी लोक हंडे घेऊन त्याच्या दारात उभे. मालक माझ्यावर चिडले नाहीत, कारण मूळ प्रत माझ्या बाजूने होती. तेव्हा चहा सुरू केला आहे.

अट मान्य. इथल्या दाराला कुलूप लावून चौथ्या मजल्यावर जायची माझी इच्छा नाही, हे तुला पुन्हा लिहायला नको. धाकटीची माया मला कळते. पण तिच्या घरी मी पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसेन, हे तिला कळत नाही.

जावयांना नमस्कार. तू हात भाजून घेऊ नकोस.

अण्णा


६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी प्रकृती बरी असेल. माझी पिटुकली तुझी आठवण काढते, म्हणजे तुझ्या ओरडण्याची नक्कल करते.

ताई, लिहायला हात उचलत नाही, पण लिहिलंच पाहिजे. शनिवारी मी न कळवता अण्णांकडे गेले. रात्र तिथेच राहिले. घर स्वच्छ होतं, डब्यांत सगळं भरलेलं होतं, मला बरं वाटलं. सकाळी उठले तर अण्णा चहा करत होते. दोन कप भरले. मला वाटलं एक माझा. तर ते दोन्ही कप घेऊन मागच्या दारी गेले, खाली बसले आणि एक कप फुंकून गार करून त्या झाडाच्या मुळाशी ओतला. दूध घातलेला, साखर घातलेला, आपण पितो तसला चहा. अगदी सावकाश, कडेकडेने. मग तिथेच पायरीवर बसून आपला कप संपवला. माझ्यासाठी नंतर आत येऊन तिसरा केला.

बुंध्याशी मुंग्यांची रांग लागली आहे, ती खिडकीच्या कट्ट्यापर्यंत आली आहे. मातीला आंबूस वास येतो, पानांवर काळपट चिकट थर. मी विचारलं की हे काय चाललंय, तर शांतपणे म्हणाले की रोजचंच आहे, ताईने लिहिलंय. समोरचे शिंपीकाका तेवढ्यात आले होते, मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते आपल्या चपलेकडे बघत राहिले. तू असलं काही लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे. प्रत्येक अक्षराची चूक काढणारा माणूस, आणि आता हे. बसमध्ये मला रडू आवरेना.

मी ह्या महिन्याच्या शेवटी त्यांना घेऊन येते. आमच्या गल्लीच्या टोकाला चांगले डॉक्टर आहेत. त्या पैजेचं आता नाव काढू नकोस. तशाही कळ्या गळायला लागल्याच आहेत.

तुझी माया अशीच राहू दे आणि ह्या वेळी माझं ऐक.

तुझी,
धाकटी


१० नोव्हेंबर

चि. धाकटीला,
आशीर्वाद.

आधी नाक पूस, मग पुढचं वाच.

चहा घाला असं मीच लिहिलं होतं. आमच्या लाँड्रीत उकळून उरलेल्या पत्तीला सगळी बायामाणसं चहाच म्हणतात. चहा फेकून ये, चहा कुंडीत टाक, असंच चालतं. चोथा म्हणायचं कुणाच्या तोंडात नाही, म्हणून माझ्या हातात पण आलं नाही. नर्सरीवाल्यानं सांगितलेलं ते चोथ्याचंच. काल त्याला जाऊन सांगितलं तर तो हसता हसता खताच्या पोत्यावर बसला, आणि उठला तेव्हा पोतं फाटलेलं. तेव्हा डॉक्टर दाखवायचाच असेल तर मला दाखव. वेडे अण्णा नाहीत, लिहिणारी आहे.

महिनाअखेर नाही की बिहिनाअखेर नाही. अट म्हणजे अट. फूल येईपर्यंत थांबायचं. तू कबूल केलं होतंस, तेही माझ्याच घरी माझा चहा पिऊन. तुला वाटतं मी तुझ्या विरुद्ध आहे. नाही. त्यांना रात्री बरं वाटेनासं झालं तर आपण दोघी कुठं, हा विचार माझ्याही मनात येतो, मी फक्त तो इस्त्रीखाली दाबते. पण म्हातारं झाड उपटून दुसरीकडं लावायचं तर आधी ते इथं खरंच वाळतंय का ते बघायला नको?

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. मी अधूनमधून म्हटलं होतं, रोज कुठं म्हटलं? आणि झाडासाठी वेगळा चहा करा असंही म्हटलं नव्हतं. तू दोन कप बघितलेस आणि तुला चहाच दिसला. मला ते दोन दिसतात. अण्णांना विचारते.

पडदे काढू नकोस. चांगले असले तर मीच येईन झोपायला, इथं दुपारी डोकं टेकवायला जागा नाही. पिटुकलीला म्हणावं नक्कल करायची तर जोरात कर.

ओरडते म्हणून लोभ कमी समजू नये.

तुझी,
ताई


१० नोव्हेंबर

ती. अण्णांना,
सा. न. वि. वि.

चहा बंद. आजपासून. दूध बंद, साखर बंद. मला चोथा म्हणायचं होतं, धुतलेला, साखर न लागलेला, तोही मूठभर, मातीवर पसरून. मूळ प्रत चुकली. माझी चूक, पण तुम्हीही कमाल केलीत.

आता वरची आंबलेली माती काढून टाका, पण हलक्या हातानं. ह्या झाडाची मुळं वरवरच असतात, खुरपं खोल घालाल तर तीच कापाल. नवी माती घाला आणि पावसाचं पाणी पिंपात साठलेलं असलं तर ते सावकाश द्या. वर वाळका पाला पसरा, बुंध्याला चिकटू देऊ नका. पानं ओल्या फडक्यानं दोन्ही अंगांनी पुसा, आम्ही कॉलर पुसतो तशी. वरच्या अंगाला सगळे पुसतात, मळ खालच्या अंगाला असतो.

आणि मला सरळ सांगा, रोज दोन कप कशासाठी करता? गोल गोल लिहू नका, मला गोल वाचता येत नाही.

धाकटी घाबरली आहे. तिला मी धरून ठेवलंय, पण झाडानं साथ दिली पाहिजे.

तुमची,
थोरली


२४ नोव्हेंबर

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

सरळ विचारलंस, सरळ लिहितो.

चहाची चूक मला पहिल्याच वाचनात दिसली होती. जन्मभर प्रुफं बघणाऱ्याला एवढं कळत नाही होय? गार केलेला चोथा असणार, हे शिंपीही म्हणाला. त्याला मी गप्प केलं.

तुझी आई गेल्यापासून माझ्या हाताला एका कपाचं माप येत नाही. पाणी दोनाचंच पडतं. मुद्दाम एकाचं घेतलं तर पत्ती जास्त पडते, चहा कडू होतो, आणि मग तो एकही जात नाही. म्हणून दोन करायचो. दुसरा कप ओट्यावर तिच्या बाजूला ठेवायचो आणि गार झाला की मोरीत ओतायचो. ते मोरीत ओतणं मला रोज जड जायचं. तुझं पत्र आलं आणि त्या कपाला जागा मिळाली. कुणाला तरी देतोय असं वाटायचं. म्हणून चूक दिसूनही तशीच ठेवली. नियम पाळला म्हणालो, ते अर्धंच खरं.

तू सांगितलंस ते सगळं केलं. माती बदलली, पाला पसरला. पानं पुसताना एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला शिंपी. मुंग्या गेल्या. पण कळ्या राहिल्या नाहीत. वारा नसतानाही गळतात. सकाळी दार उघडलं की पायरीशी तपकिरी मण्यांसारख्या पडलेल्या असतात. आता खिडकीच्या बाजूला एकच उरली आहे.

अट कळ्यांची होती. मी हरलो, आणि झाडाची त्यात चूक नाही. माळ्यावरची बॅग काढली. तिची चेन तुटलेली निघाली म्हणून शिंप्याकडे दिली आहे. एवढ्याशा चेनला त्याला इतके दिवस का लागताहेत, कळत नाही. रोज विचारतो, रोज म्हणतो की दोरा जुळत नाही. धाकटीला कळव की बॅग झाली की मी येतो. खोलीला पूर्वेची खिडकी आहे का, तेवढं विचार. नसली तरी चालेल.

तुझ्यावर राग नाही. चहाच्या निमित्ताने माझे दोन महिने बरे गेले.

अण्णा


२ डिसेंबर

ती. अण्णांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी इस्त्रीच्या टेबलाशी उभ्यानं वाचलं आणि एका वकिलाच्या शर्टाची पाठ जाळली. आता तो कोर्टात कोट काढू शकणार नाही. त्याचं काय ते मी बघेन.

तुम्ही माझं पहिलं पत्र काढा. नुसतं काढू नका, वाचा. त्यात लिहिलंय, फूल येईपर्यंत कळी टिकली तर तुम्ही तिथंच राहायचं. कळी. एक. तुम्ही वर पेन्सिलीनं जे केलंत ते तुमचं, माझं नाही. मूळ प्रतीत असेल तसंच जुळवायचं, हा नियम कुणाचा? माझा? चहाच्या बाबतीत तो चालला, मग आता का लंगडा झाला? चूक सोयीची असली की ठेवायची आणि गैरसोयीची असली की दुरुस्त करायची, असं कुठल्या छापखान्यात चालतं ते मला सांगा.

आणि नर्सरीवाल्याचंही ऐका. मोठं फूल हवं असेल तर जाणती माणसं फांदीला एकच ठेवतात, बाकीची स्वतःच्या हातानं खुडतात. तुमचं ते काम चहानं केलं. जरा जास्तच केलं, पण केलं.

धाकटीला मी फोन नाही केला, समोर जाऊन बसले. तुमचं पत्र तिच्या हातात दिलं. आधी म्हणाली, ताई, तू शब्दात पकडतेस. म्हटलं, मला दुसरं काही पकडता येत नाही, हातात सारखी इस्त्री असते. मग ते दुसऱ्या कपाचं तिनं वाचलं. आत गेली आणि भांडी घासत बसली, घासलेलीच. शेवटी म्हणाली की ती उरलेली फुलली तर अण्णांना मी पुन्हा विचारणार नाही. पण महिन्यातून एक रविवार तिच्याकडं जायचं, म्हणजे पडदे वाया जाणार नाहीत. मी तुमच्या वतीनं हो म्हणून टाकलं. तुम्हाला विचारत बसले असते तर तुम्ही व्याकरण काढलं असतंत.

आता त्या कपाचं. मोरीत नको आणि झाडाला तर नकोच. शिंप्याला हाक मारा. सकाळी तो दुकानाच्या पायरीवर एकटाच बसलेला असतो, आणि जो माणूस तुम्हाला जाऊ द्यायचं नाही म्हणून एक चेन इतके दिवस धरून बसतो त्याला एक कप चहा जड नाही. शनिवारी मी येते. त्या दिवशी त्याच्यासाठी तिसरा करा. दुसरा माझा. आईला साखर कमी लागायची, मला जास्त लागते, हात आवरू नका.

ती एक नीट सांभाळा अण्णा. ती गेली तर माझ्याकडं दुसरं पत्र नाही.

तुमची,
थोरली


१९ जानेवारी

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात थंडी फार वाढली होती. कळी टोकाला जरा लाल होऊन तशीच अडून बसली. शिंप्याने तिच्यावर रात्री पातळ कापड बांधायचं काढलं, अस्तराचं, आणि सकाळी सोडायचं. मी म्हटलं, गुदमरेल. तो म्हणाला की कपड्यातलं मला कळतं. त्याचं ऐकलं.

काल दुपारी ती उमलली. तळहात भरेल एवढं फूल, अगदी गडद लाल, मधला झुबका पिवळाधमक. शिंप्याने टेप लावून माप घेतलं आणि ते सगळ्या गल्लीला सांगून आला. धाकटी पिटुकलीला घेऊन आली होती. धाकटी पायरीवर बसून बघत राहिली. जाताना म्हणाली की तिच्या गॅलरीत दुपारी सावली असते, तिथे कुंडीत असलं एखादं जगेल का, ते ताईला विचारा. तेव्हा तिला एक पाठव. कोणतं ते तूच ठरव, पण चहाचं तिला मी तोंडी समजावलं आहे, तू काही लिहू नकोस.

बॅग परत माळ्यावर गेली. मी जात नाही म्हटल्याबरोबर तिची चेन तासाभरात बसली.

शिंपी रोज सकाळी येतो. चहाला नावं ठेवतो, कधी पातळ म्हणतो, कधी गोड म्हणतो, आणि कप विसळून पालथा घालून जातो. झाडाने कधी नावं ठेवली नव्हती. पण झाड कप विसळत नव्हतं.

आज तुझं पहिलं पत्र पुन्हा काढलं. 'कळी'वर मी पेन्सिलीने जी दुरुस्ती केली होती, ती खोडरबराने पुसून टाकली. जरा डाग राहिला आहे, तू बघशील तेव्हा ओरडशील. पण आता वाचता येतं. मूळ प्रत बरोबर होती.

आशीर्वाद आहेतच. शनिवारी साखर आणून ठेवतो.

अण्णा